ओटी भरून दिलेला टाक

सोपानमामा टाकवाल्यांना एका प्राध्यापकाने फसवलं. पंधरा दिवसांत परत आणतो असं सांगून त्याने माझ्या मायचा टाक त्यांच्या हातून नेला, शहरातल्या संग्रहालयात काचेमागे ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली: 'मातृदेवता. कारागीर अज्ञात. भेट म्हणून प्राप्त.' या तीन वाक्यांत खरं असं एकही नाही. टाक नेला तेव्हा मी तिथेच बसलो होतो, म्हणून सांगतो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टाक म्हणजे देव्हाऱ्यातला चांदीचा लहानसा पत्रा. तळहातात मावतो. त्यावर देवाची उठावाची आकृती असते. आमच्याकडे घरातलं मोठं माणूस गेलं की त्याचाही टाक करतात आणि देवांच्या रांगेत बसवतात. देवांचे टाक साच्यातून निघतात, कुठेही मिळतात. माणसांचे टाक हाताने ठोकणारा आमच्या भागात एकच माणूस उरला होता, तो म्हणजे सोपानमामा.

सेनगावच्या एसटी स्टँडमागे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. त्यावर पाटी नव्हती. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी काळा दोरा कानाला गुंडाळलेला. समोर ठोकताना पत्रा हलू नये म्हणून राळेची चिकट गादी, तिच्यावर चांदीचा पत्रा, आणि हातात बोटाएवढ्या छिन्न्या. काम करताना ते पत्र्याशी बोलायचे. "सरक थोडी." "आता मान वर कर." नवं गिऱ्हाईक मागे वळून बघायचं, आत कोणी बाई आहे की काय म्हणून. चहा मागवायचे, विसरायचे, आणि तासाभराने गारढोण चहा एका घोटात पिऊन म्हणायचे, "आज चहा लई गरम व्हता."

फोटोवरून ते काम करत नसत. कोणी फोटो पुढे केला की उपडा घालून ठेवायचे. म्हणायचे, "फोटो काढताना माणूस श्वास धरून बसतो. मला श्वास सोडलेला माणूस पायजे."

मी मेंढ्या-बकऱ्यांचा व्यापारी. बापाने मला चार मेंढ्या आणि एक काठी दिली, बाकी सगळं मी केलं. रुमालाखाली बोटं धरून सौदा करण्यात माझं आयुष्य गेलं. समोरच्याचं बोट किती घट्ट आहे त्यावरून तो कुठे मोडणार ते मला कळतं. माय गेली तेव्हा मी मामांकडे गेलो तो याच तोऱ्यात.

"मामा, टाक करायचा. काय घेता?"

"तुझी माय सकाळी उठून पयलं काय करायची?"

"ते सांगतो नंतर. काय घेता ते बोला."

"पयलं काय करायची?"

"अहो, आधी सौदा तर होऊ द्या!"

मामांनी छिन्नी उचलली आणि दुसऱ्याच कामाला लागले. मी तिथून तणतणत निघालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी खाली बसलो आणि सांगायला लागलो. माय उठली की पदराच्या टोकाला मिठाची गाठ बांधायची. ती गाठ डाव्या मुठीत धरून वाड्याच्या, म्हणजे मेंढ्यांच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभी राहायची. मिठाच्या वासाने मेंढ्या एकेक करून बाहेर यायच्या, आणि ती उजवा हात प्रत्येकीच्या पाठीवरून फिरवायची.

मामांनी डोळे मिटले होते. "मोजायची?"

"मोजता कुठं येत होतं तिला! नुसता हात लावायची. कोण मागं राहिली ते हाताला कळायचं."

"कोणता हात म्हणला?"

"उजवा."

"हां," मामा म्हणाले, "आता तुझी माय आली." आणि मग त्यांनी जी किंमत सांगितली ती मी एका शब्दाने कमी केली नाही. सांगायला लाज वाटते, पण मी सौदा करायचा विसरलो.

टाक तयार झाल्यावर गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवून मामा एकच प्रश्न विचारायचे, "काय दिसतंय?" मी बघितलं. माय उभी, डावी मूठ छातीशी, उजवा हात अंगापासून उचललेला, पंजा उघडा. म्हणालो, "मला थप्पड मारायला हात उगारलाय." माझी बहीण सुमन सोबत होती, ती म्हणाली, "न्हाई रे, मी सासरी निघाले की ती गाडीला असाच हात करायची." मामा खुशीत हसले. "दिसलं ते तुमचं. म्या तर हात मेंढीच्या पाठीवर ठेवला व्हता. मेंढी पत्र्यात मावली न्हाई." मग त्यांनी पायाखालच्या तीन रेघांवर नख ठेवलं. "अन् हे माझं पाप. पत्रा चिरला, तो झाकायला रेघा मारल्या. सांगून ठेवतो, नंतर म्हणशील मामानं फसवलं."

चिरलेला पत्रा स्वतःहून सांगणारा माणूस. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

दिसलं ते ज्याचं त्याचं, हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं. एकदा एक बडे जमीनदार आले. त्यांना वडिलांचा टाक हवा होता, घोड्यावर बसलेला. मामांनी विचारलं, "वडील घोड्यावर बसले व्हते कधी?" जमीनदार म्हणाले, "बसले नसतील, पण शोभलं असतं." मामांनी त्यांना बोलतं करून काढून घेतलं की म्हातारा जन्मभर किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून झोपत असे, धान्याच्या कोठीची किल्ली त्याने सुनेला मरेपर्यंत दिली नाही. मामांनी किल्ल्याच ठोकल्या. जमीनदार बघायला आले तेव्हा मी तिथे होतो. ते टाक बघून गहिवरले. "वा! हातात त्रिशूळ! आमचे वडील शंकराचे मोठे भक्त." माझं हसू फुटायला आलं. मामांनी माझ्या पायावर पाय दिला आणि हात जोडून म्हणाले, "व्हय जी. दिसलं ते तुमचं."

आणखी एक बाई नवऱ्याने धाडली म्हणून आली होती, सासूच्या टाकासाठी. मामांनी विचारलं, सासू काय करायची. बाई फणकारली, "काय करायची? दिवसभर मला शिव्या द्यायची!" मामांनी तोंड उघडलेली म्हातारी ठोकली. बाईने टाक हातात घेतला, बराच वेळ बघत बसली, आणि बारीक आवाजात म्हणाली, "गाणं म्हणून राहिली व्हय ही? म्हणायची... जात्यावर." बाई गेल्यावर मामा मला म्हणाले, "बघ, म्या शिव्या ठोकल्या, तिनं गाणं ऐकलं. माझ्याहून तिचंच काम चांगलं झालं."

असा माणूस होता. त्याला कोणी येऊन सांगितलं असतं की मामा, तुमच्या टाकात मला उंट दिसतो, तर त्याने उंटाला पाणी दाखवलं असतं.

आता फसवणुकीकडे येतो.

टाक रोज घासला जातो. माझी बायको मायचा टाक चिंचेने घासायची, सणाला रांगोळीच्या पुडीने. अठरा वर्षांत मायचं नाक गेलं, डोळे गेले, चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत चांदी राहिली. असा टाक झिजला की तो वितळवून, त्यात थोडी नवी चांदी घालून दुसरा करतात. जुनी चांदी नव्यात गेलीच पाहिजे. ती गेली तर माणूस पुढे चाललं. नाही गेली तर नवा टाक म्हणजे नुसता बाजारातला पत्रा. म्हणून मी मायला मामांकडे घेऊन गेलो. मामांनी तिला चिंचेच्या पाण्यात टाकलं, आणि त्याच वेळी प्राध्यापक दारात उभे राहिले.

माणूस गोड होता. गोणपाटावर मांडी घालून बसला, वही काढली, मामांना नाव विचारलं, गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. मामांनी सगळं सांगितलं, त्याने लिहून घेतलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्याची नजर चिंचेच्या पाण्याकडे गेली.

"अद्भुत! हा मला पंधरा दिवस द्या. फोटो काढतो, थोडा अभ्यास करतो, स्वतः आणून देतो."

मी म्हणालो, "कागदावर लिहून द्या."

मामा माझ्यावर उखडले. "शिकलेल्या माणसाला कागद मागतो? अन् तेबी मायच्या बाबतीत?" मग जरा खाली येऊन म्हणाले, "माय तुझी हाय. तू सांग."

मी मामांच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाचा अभ्यास करायला कोणी आलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते. मी म्हणालो, "न्या."

दुकानामागेच त्यांचं घर होतं, मामांनी मामींना हाक मारली. मामींनी खणाचा तुकडा आणला, त्यात मायला बसवलं, हळदीकुंकू लावलं, वर मूठभर तांदूळ, एक हळकुंड आणि खोबऱ्याची वाटी ठेवली. बाई घरातून निघाली की ओटी भरतात. ओटी भरली म्हणजे तिने परत यायचं, आणि ज्याच्या सोबत ती जाते त्याने तिला आणून सोडायचं. आमच्याकडे याला कागद लागत नाही. हाच कागद.

प्राध्यापक उठून उभे राहिले. दोन्ही हात पुढे करून त्यांनी ते घेतलं, कपाळाला लावलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं बोलत नाही. "हा सन्मान मी विसरणार नाही," म्हणाले. आम्हाला वाटलं, गड्याने जबान दिली. त्याला वाटलं, आपल्याला दान मिळालं.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. मी फोन लावला की उत्तर एकच, "अभ्यास चालू आहे." पुढे फोन उचलणंही बंद झालं. पितृपक्षात आम्ही देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागेला निवद दाखवला. त्या दिवशी मामा न बोलावता आमच्या घरी आले, त्या रिकाम्या जागेसमोर बसले. बायकोने ताट वाढलं, त्याला हात लावला नाही. "माझ्या हातून गेली," एवढंच म्हणाले. मी चिडून म्हणालो, "मामा, चोर तो हाय, तुमी काहून उपाशी?" तर म्हणाले, "त्याला म्या ओळखत न्हाई. मला म्या ओळखतो."

मग एका गिऱ्हाइकाने मला वर्तमानपत्र दाखवलं. संग्रहालयात प्रदर्शन भरलं होतं, आणि बातमीच्या मधोमध फोटोत माझी माय. मी मामांना घेतलं, हिंगोलीहून एसटी धरली.

संग्रहालयाच्या दारात मामांनी सवयीने चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, "बाबा, चप्पल घाला, हे मंदिर नाही."

"मग देव काहून ठेवले?"

मामा अनवाणीच आत गेले.

काचेत माय होती. तिच्यावर दिवा सोडला होता. शेजारी हातभर फलक. मामांना बारीक अक्षर वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवत गेलो. उजवा हात अभय देणारा. डाव्या हातात कमळाची कळी, म्हणजे सृष्टीची निर्मिती. पायाखालच्या तीन रेषा म्हणजे स्वर्ग, पृथ्वी आणि पाताळ. मामा मोठ्याने हसले. "आरं, चिरलेला पत्रा पाताळात गेला की!" पुढे लिहिलं होतं की कारागिराने चेहरा हेतुपुरस्सर कोरा ठेवला आहे, कारण देवतेला रूप नसते. आता मलाही हसू आलं. अठरा वर्षं माझ्या बायकोने चिंचेने जे नाक घासून घालवलं, त्याचा हा अर्थ!

मग मी चिठ्ठीवर आलो, आणि आमचं हसू संपलं.

"कारागीर अज्ञात."

"अज्ञात म्हंजे?"

"ठाऊक नसलेला."

"कोणाला?" मामांनी विचारलं. मग म्हणाले, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. त्यांनी काचेवर अंगठा ठेवला. पहारेकरी ओरडला तसा काढून घेतला.

प्राध्यापक आपल्या खोलीत भेटले. "अहो मामा! या, या, चहा घ्या."

मामा बसले नाहीत. "लेकीला न्यायला आलो."

प्राध्यापकांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी समजावणीचा सूर लावला. वस्तूची नोंद झाली, आता ती संग्रहालयाच्या मालकीची. "आणि तुम्हीच तर विधिपूर्वक अर्पण केलं ना? तांदूळ, हळद, श्रीफळ. मी त्या अर्पणविधीवर स्वतंत्र लेख लिहिलाय."

"ती ओटी व्हती साहेब. ओटी परत यायला भरतात."

"तो तुमचा एक अर्थ झाला, मामा."

इथे माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. "तुमची लेक ओटी भरून सासरी गेली, तर सासरच्यांनी तिला कपाटात घालून वर 'भेट मिळाली' म्हणून चिठ्ठी लावावी का? हा बी एक अर्थच झाला ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मामांना म्हणाले, "हे बघा, कलाकृती एकदा बाहेर पडली की तिच्या अर्थावर कलाकाराचा ताबा राहत नाही. कित्येकदा आपण काय केलं हे कलाकाराला स्वतःलाच ठाऊक नसतं."

मला वाटलं, मामा आता तरी चिडतील. ते हळूच म्हणाले, "बराबर हाय. म्या कधी ताबा सांगितला? ह्याला तिच्यात थप्पड दिसली, ह्याच्या बहिणीला निरोप दिसला, तुमाला कमळ दिसलं. दिसू द्या, चांगलं हाय. पण त्या दोघांना म्या इचारलं व्हतं, काय दिसतंय म्हणून. तुमी मला काहून इचारलं न्हाई? म्या समोरच बसलो व्हतो ना?"

प्राध्यापकांनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाले, "अर्ज द्या. समितीपुढे ठेवतो."

मी तिथल्या तिथे अर्ज दिला. त्यानंतर आणखी तीन दिले. समिती बसली की निजली, मला कोणी कळवलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. मी बाजारातला माणूस आहे. एका बकऱ्यात कसायाला वजन दिसतं, देवऋषीला नवस दिसतो, लेकराला खेळगडी दिसतो. तिघांचंही खरं. पण म्हणून तिघांपैकी कोणी बकरा घरी न्यायचा नसतो, आणि ज्याने पाळला त्याला 'अज्ञात' म्हणायचं नसतं. बघणाऱ्याला सगळं दिसायची मोकळीक आहे. पण काचेवर फक्त एकट्याचंच लिहायचं आणि बाकीच्यांचं पुसायचं, याला अर्थ लावणं म्हणत नाहीत. आमच्या बाजारात याला वेगळा शब्द आहे, तो इथे लिहिता येत नाही.

शेवटी मी नवी चांदी घेऊन मामांकडे गेलो. म्हणालो, "जाऊ द्या मामा. जुनं राहिलं तर राहिलं, तुमी नवा करा." त्यांनी पत्रा राळेवर बसवला, छिन्नी उचलली, डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले. मग पत्रा उचकटून, पुसून, माझ्याच कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "तिच्याबिगर तिला कसं करू?"

त्यानंतर एकदाच त्यांना पाहिलं. एक तरुण विधवा आली होती, नवऱ्याच्या टाकासाठी. मामांनी न विचारताच ती सांगत होती. तो विहिरीवर मोटार चालू करताना शीळ कशी घालायचा, भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला कसा द्यायचा, भांडण झालं की रुसून गच्चीवर कसा बसायचा. मामा ऐकत होते. हातोडी मांडीवर होती, हात हातोडीवर होता, पण हात उठला नाही. बाईचं सांगून झालं. मामा म्हणाले, "बाई, एवढं सगळं ध्यानात हाय ना तुझ्या? मग ध्यानातच ठिव. चांदीत घालू नको. चांदी लोक नेतात." ती रिकाम्या हाताने एसटी स्टँडकडे गेली. मामा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले, मग दुकानाचा पत्रा ओढून घेतला. थंडीत ते गेले. त्यांचा टाक कोणी केला नाही, करणार कोण?

आणि परवा त्याच प्राध्यापकांचा लेख वाचला. मराठवाड्यातली हाताने टाक घडवण्याची कला लोप पावत चालली आहे, असं त्यांना फार दुःख झालं आहे.

साहेब, लोप पावली नाही. तुम्ही थांबवली. दुःख तुमच्याजवळ ठेवा आणि एवढं सांगा: तुमच्या वहीत त्या माणसाचं नाव, गाव, बापाचं नाव तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असताना त्या चिठ्ठीवर 'अज्ञात' कोणी लिहिलं? तुम्ही, की तुमच्या समितीने? ज्याने लिहिलं त्याने सेनगावला यावं, येताना माझ्या मायला सोबत आणावं, आणि मामींच्या समोर उभं राहून आपलं नाव सांगावं.